संतोषचा मोठा पडदा

तयार कॉम्प्युटर विकत आणणं हे घाबरटांचं काम, असं संतोष जगतापचं ठाम मत होतं. चाकणच्या कारखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या माणसाला चार वायरी जोडणं काय अवघड? बुधवार पेठेतली दुकानं पालथी घालून त्याने एकेक सुटा भाग जमवला आणि धायरीच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल आतल्या खोलीत ओढून नेऊन त्यावर कॉम्प्युटर उभा केला. बायको प्रियदर्शनी तेव्हापासून ताट मांडीवर घेऊन जेवत होती.

रविवारी सकाळी त्याने जुन्या कॉम्प्युटरमधली डिस्क काढून नव्यात बसवली. लग्नापासूनचे सगळे फोटो आणि व्हिडिओ तिच्यात होते. नव्या कॉम्प्युटरला ती आधी दिसेचना. मग दिसली, आणि कॉम्प्युटरने विचारलं, ही डिस्क फॉरमॅट करायची का?

"म्हणजे काय?" प्रियदर्शनीने मागून विचारलं.

"पुसून स्वच्छ करू का, असं विचारतोय."

"त्यात आपलं लग्न आहे."

"म्हणून तर विचारतोय."

"नाही म्हणा आणि हात बाजूला घ्या."

संतोषने नाही म्हटलं, केबल काढून पुन्हा घट्ट बसवली, आणि काय आश्चर्य, फोटोच फोटो! त्याची छाती इतकी फुगली की खुर्ची कुरकुरली. पण मॉनिटर जुना, पाटीएवढा. त्यावर एवढा पराक्रम कसा मावणार? हॉलमध्ये भिंतभर टीव्ही होता. वायरीशिवाय कॉम्प्युटर टीव्हीवर दाखवता येतो, हे त्याने वाचलं होतं. त्याने कॉम्प्युटरला टीव्ही शोधायला लावलं, तर यादीत एकाच नावाचे दोन टीव्ही आले. एक चुकून दोनदा आला असणार, असं समजून त्याने वरचा निवडला. 'जोडले गेले', कॉम्प्युटर म्हणाला.

"दिसतंय का?" त्याने आतून विचारलं.

"नाही," प्रियदर्शनी हॉलमधून म्हणाली.

त्याने पडद्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'दिसतंय का'.

"आता?"

"काळं आहे."

त्याने अक्षरं एवढी मोठी केली की 'का' पडद्याबाहेर गेला. टीव्ही काळाच. तेवढ्यात फोन वाजला. खालच्या मजल्यावरचे बापूराव, सोसायटीचे चेअरमन. संतोषने फोन कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप चालतं का हेही बघायचंच होतं, म्हणून त्याने भावाला, जयसिंगला, लिहिलं: 'कॉम्प्युटर झकास झालाय. खालचे बापूराव सारखे फोन करतायत. आज मुलीला बघायला पाहुणे येणार आहेत. साखर संपली असेल, नेहमीप्रमाणे.'

मग त्याने गेल्या गणपतीतला रस्सीखेचीचा व्हिडिओ लावला. एका बाजूला पुरुष, सगळ्यात पुढे बापूराव. दुसऱ्या बाजूला बायका, आणि त्यांच्यापुढे बापूरावांची वैष्णवी, पदर खोचून, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारणारी. शिट्टी वाजली, बायकांनी हिसका दिला आणि चेअरमन चिखलात उताणे पडले. आवाज येत होता, पण कुठून तरी खालून. संतोषने तो वाढवला.

व्हिडिओ संपला आणि दारावरची बेल वाजली. दारात वैष्णवी, नवी साडी नेसलेली.

"काका, तुमचा कॉम्प्युटर आमच्या टीव्हीवर आलाय."

संतोषला क्षणभर अभिमानच वाटला. मग त्याने विचारलं, "कधीपासून?"

"'दिसतंय का'पासून. पाहुणे दोनदा हो म्हणाले."

"पण आलाच कसा?"

"बाबा टीव्ही बंद करत होते. तेवढ्यात त्यावर 'जोडू का' असं काहीतरी आलं, त्यांनी न वाचता होकार दाबला."

"आणि ते… साखरेचं?"

"मुलाच्या वडिलांनी मोठ्याने वाचलं. आई तेव्हाच चहा घेऊन बाहेर येत होती."

प्रियदर्शनीने भिंतीकडे तोंड केलं. तिचे खांदे हलत होते.

"मग टीव्ही बंद करायचा ना," संतोष कळवळून म्हणाला.

"पाहुण्यांनी करू दिला नाही. तो व्हिडिओ परत लावा, म्हणतायत."

संतोषने व्हिडिओ पुन्हा पुन्हा चालेल असा लावला आणि माफी मागायला खाली गेला. मुलगी अगदी शांत आहे, आवाज चढवून बोलत नाही, असं बापूरावांनी नुकतंच सांगून ठेवलं होतं. आता ते सोफ्याच्या कडेला बसून स्वतःला चिखलात पडताना बघत होते. मुलाचे वडील हिंमतराव चष्मा सावरून पुढे झुकले होते. चेहऱ्यावरची माशीही हलली नव्हती.

"मी काय म्हणतो," संतोष चाचरला.

"थांबा जरा," हिंमतराव म्हणाले. "हे पडले तेव्हा नेमका चहा हातात आला. नीट बघता आलं नाही."

बापूराव पुन्हा पडले. हिंमतरावांनी समाधानाने मान हलवली. मुलगा, पियुष, वैष्णवीकडे वळला. त्याने वैष्णवीला हळूच विचारलं, "ती शिट्टी… दोन बोटांनीच का?"

वैष्णवीने बापाकडे पाहिलं. बापाने छताकडे पाहिलं. मग तिने शिट्टी वाजवली. पार्किंगमधल्या दोन स्कूटरचे अलार्म सुरू झाले.

"पसंत आहे," पियुष म्हणाला. "तुम्हाला?"

"आधी शिट्टी शिका," वैष्णवी म्हणाली. "मग बघू." पण म्हणताना हसली, आणि हिंमतरावांनी पेढ्याला हात घातला.

आपल्यामुळे एक लग्न जमलं, या आनंदात संतोष दोन पेढे खाऊन उठला. बापूराव त्याला दारापर्यंत सोडायला आले. इतक्या मानाने त्यांनी त्याला कधीच सोडलं नव्हतं. संतोष भरून येऊन म्हणाला, "काही मदत लागली तर निःसंकोच सांगा."

"सांगतो," बापूराव म्हणाले. "तारीख ठरली की पहिलं तुम्हाला कळवतो. तेवढे चार दिवस गावाला जा."