पाय टेकतील एवढी गाडी

गौरवीची मोटारसायकल दुसऱ्यांदा पडली ती पोदेराच्या देखत. पोदेर सकाळी सायकलवरून दारोदार पाव विकतो, आणि त्याने पाहिलेली गोष्ट पावांबरोबर घरोघर पोचते. त्यामुळे गौरवी गाडीखालून पाय सोडवून, कपडे झटकून घरात आली, तेव्हा नवरा जयराम फोनवर शेजारच्या वाड्यावरच्या शेवंतीकाकूला सांगत होता, "नाय गो काकू, हाडबिड मोडूक नाय. गाडयेक पण कायच जाला नाय."

त्याने फोन ठेवला आणि बायकोकडे पाहिलं. जयराम सहा फुटांचा होता. गौरवी पाच फुटांची, तीही सकाळच्या वेळी.

गाडी लांबच्या प्रवासाची होती. दोनशे किलोंहून जड, उंच, मागे सामानाच्या पेट्या अडकवायची सोय असलेली. मोपाच्या विमानतळावर काउंटरला बसून दिवसभर दुसऱ्यांना प्रवासाला पाठवता पाठवता गौरवीला आपणही कुठेतरी जावं असं वाटू लागलं होतं, आणि बरीच वर्षं साठवून तिने स्वतःच्या पैशांनी ही गाडी घेतली होती. चालवायची उत्तम. वळणं, चढ, पाऊस, कशालाच घाबरायची नाही. अडचण फक्त थांबण्याची होती. गाडी थांबली की गौरवीचे पाय जमिनीच्या चार बोटं वर लोंबकळत, आणि मग गाडी आपल्याला हवं त्या बाजूला जाई.

"आता तिसऱ्यांदा पडली," जयराम म्हणाला, "तर विकूची."

"बरां," गौरवी म्हणाली. गुडघा दुखत होता, म्हणून ती वाद घालायच्या मनःस्थितीत नव्हती. तासाभराने दुखायचं थांबलं, पण तोवर शब्द देऊन झाला होता.

धारगळला हमरस्त्याच्या कडेला मारुतीचं गॅरेज होतं. मारुती मूळचा बेळगावकडचा. त्याने गौरवीला गाडीवर बसवलं, लांबून पाहिलं, जवळून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, तुमची उंची आता काय वाढत न्हाई. गाडीचीच कमी करूया की."

"जाता तशी?"

"न जायला काय झालं? मागच्या शॉकच्या पट्ट्या बदलायच्या, पुढचे पाइप वर सरकवायचे, सीटचा फोम थोडा कापायचा. बसतीय बघा खाली."

आणि गाडी खरंच खाली बसली. संध्याकाळी गौरवीने दोन्ही पाय सपाट जमिनीवर टेकवले, टाचांसकट, आणि तिला रडूच यायचं बाकी राहिलं. घरी येताना ती वाटेत उगाचच सहा ठिकाणी थांबली. एकदा नारळवाल्याकडे थांबली, त्याने शहाळं सोलून पुढे केलं, आणि केवळ पाय टेकवायला थांबले होते असं सांगणं बरं दिसेना म्हणून ते प्यायली.

अंगणात तिने गाडी साइड स्टँडवर लावली. इथे एक गोष्ट तिच्या लक्षात आली नाही आणि मारुतीच्याही आली नव्हती. गाडी खाली आली होती, स्टँड होता तेवढाच लांब होता. त्यामुळे गाडी नेहमीसारखी एका बाजूला रेलून उभी न राहता झेंडावंदनाला उभी असल्यासारखी ताठ राहिली.

थोड्या वेळाने गौरवीची सासू कमलाक्षी धुतलेली चादर घेऊन बाहेर आली. दोरीवर जागा नव्हती. गाडीचं रुंद हँडल रिकामं होतं. तिने पिळलेली जड चादर त्यावर पसरली, टोक ओढून सरळ केलं, आणि गाडी सावकाश पलीकडच्या बाजूला सोललेल्या नारळांच्या राशीवर आडवी झाली.

आवाज ऐकून जयराम धावत आला. "तीन!" तो म्हणाला.

"कसले तीन?" गौरवी ओरडली. "मी खंय होतंय गाडयेर? मी चाय पीत होतंय!"

"पडली ती पडली. कोण बसला होता ता ठरूक नव्हता."

दोघंही कमलाक्षीकडे बघू लागली. तिने ओली चादर उचलली, तिला लागलेली माती पाहिली आणि म्हणाली, "गाडी पडूक नाय. मी पाडली. पडणा वेगळा नि पाडणा वेगळा. आता माझी चादर कोण धुतलो ता सांगा."

चादर जयरामने धुतली आणि तिसरं पडणं बाद झालं. दुसऱ्या दिवशी मारुतीने स्टँड कापून आखूड केला. गाडी व्यवस्थित रेलून उभी राहू लागली. आता काही राहिलं नाही असं गौरवीला वाटलं.

राहिला होता तो घरापुढच्या रस्त्यावरचा, डिचोलीच्या बाजूचा, धारगळला जाता-येता न लागणारा स्पीड ब्रेकर. विमानतळाच्या घाईत असलेल्या एका टॅक्सीने कमलाक्षीची कोंबडी चिरडली, तेव्हा कमलाक्षी पंचायतीत जाऊन बसली आणि ब्रेकर मंजूर होईपर्यंत उठली नाही. काम चालू असताना ती छत्री घेऊन तिथे उभी होती. "आनीक थोडो घाल," असं ती कामगारांना सांगत राहिली आणि ते घालत राहिले. उंच गाडी त्यावरून सहज जायची. सुट्टीच्या दिवशी सकाळी गौरवी खाली आलेली गाडी घेऊन निघाली आणि ब्रेकरवर चढली. पुढचं चाक पलीकडे उतरलं. मागचं अलीकडेच राहिलं. इंजिनाखालचा पत्रा ब्रेकरच्या माथ्यावर करकरत टेकला आणि गाडी तिथेच बसली.

गौरवीने ॲक्सिलरेटर पिळला. मागचं चाक जेमतेम रस्त्याला शिवत होतं, ते नुसतं जागच्या जागी गरगरलं. पाय उचलून पाहिले, तर गाडी आधाराशिवाय सरळ उभी. घेतल्यापासून पहिल्यांदाच ती इतकी घट्ट उभी होती.

मागे टॅक्सी थांबली. त्यामागे दुसरी. समोरून वाळूचा ट्रक आला. पोदेर अर्थातच होता. टॅक्सीतल्या बाई काच खाली करून विचारू लागल्या, "विमान सुटेल हो, किती वेळ लागेल?" आणि गौरवीने सवयीने विचारलं, "कुठलं विमान?"

जयराम पोचला. "पडूक नाय हां," गौरवीने आधीच सांगून टाकलं. त्याला ते मान्य करावं लागलं. चौघांनी उचलायचा प्रयत्न केला, पण एकजण पुढे ओढत होता आणि तिघं मागे. शेवटी जयरामने मारुतीला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"उचलू नका, पत्रा फाटंल," मारुती म्हणाला. "मागच्या चाकाला पकड मिळाली की निघतीय. ताई गाडीवरच बसू देत. मागं कुणी तर वजनदार माणूस बसवा."

घोळक्यातले लोक एकमेकांची पोटं न्याहाळू लागले. रागाने पदर खोचून कमलाक्षी तेवढ्यात ब्रेकरपाशी आली होती, आपला ब्रेकर कुणी फोडत तर नाही ना हे बघायला. एकेक करत सगळे तिच्याकडे वळले.

"माका कित्याक बघतास?"

"आई," जयराम खाली मान घालून म्हणाला, "मागे बस जरा."

"मी? ह्या घोड्यार?" पण तिने सीटकडे पाहिलं. सीट आता तिच्या घरच्या सोप्यावरच्या बाकाएवढीच उंच होती. एका स्कूटरवाल्याने आपलं हेल्मेट काढून तिच्या डोक्यावर घातलं. कमलाक्षी बाकावर बसावी तशी बसली. मागचं चाक रस्त्याला टेकलं, गौरवीने ॲक्सिलरेटर पिळला, आणि गाडी ब्रेकरवरून सुटून सासूसह जी निघाली ती वळणापलीकडे दिसेनाशी झाली.

पुढचा ब्रेकर दिसला तशी कमलाक्षीने सुनेच्या पाठीवर थाप मारली. "थांब, थांब! हंय परत बसतली ही!" ती उतरली आणि चालत ब्रेकर ओलांडून पलीकडे उभी राहिली. हा ब्रेकर घरापुढच्याइतका उंच नव्हता; मागे वजन नसल्यामुळे, तिरकी घेऊन, गाडी अलगद पार झाली आणि कमलाक्षी पुन्हा मागे बसली.

"परत जावया, आई?" गौरवीने विचारलं.

कमलाक्षीने पुढच्या रस्त्याकडे पाहिलं. तिची बहीण वाळपईला होती. दोन बस बदलून, कंबर धरून तिथे जायचं म्हणून ती गेलं वर्षभर जाणं टाळत होती. "पेट्रोल आसा?" तिने विचारलं.

"आसा."

"मग फुडें."

इकडे स्कूटरवाला हेल्मेटशिवाय रस्त्याकडेला उभा होता. पुढे पोलीस असतात, असं तो जयरामला पुन्हा पुन्हा सांगत होता. जयरामने घरून स्वतःचं हेल्मेट आणून त्याला दिलं आणि स्वतः घरी चालत गेला.

संध्याकाळी गाडी परतली. जयराम अंगणात वाट बघत होता. "मारुतीक सांगून ठेवलंय," तो म्हणाला. "उद्या गाडी परत वर करतलो. मगे खंय अडकूची नाय."

"हात लावून बघ गाडयेक," कमलाक्षी हेल्मेट काढत म्हणाली. "वर केल्यार मी चढतलंय कशी?"

"आणि ब्रेकर?"

"ब्रेकराक मी उतरतंय. माणसां भेटतत."

माणसं खरंच भेटली होती. प्रत्येक ब्रेकरपाशी घर होतं, घरापुढे कुणीतरी बाई होती, आणि हेल्मेट घातलेली एक म्हातारी मोटारसायकलवरून उतरून चालत येतेय म्हटल्यावर कुणी विचारपूस केल्याशिवाय सोडत नव्हतं. एकीने फणस दिला, एकीने कोकमं, डिचोलीजवळच्या एकीने तर अळूचे कांदे पिशवीत घालून दिले. निम्मं सामान जागेअभावी वाळपईलाच ठेवावं लागलं.

पुढच्या सुट्टीला सासूसुना डिचोलीच्या बाजाराला निघाल्या. गौरवीने गाडी सुरू केली, पाय टेकवून ठेवले, कमलाक्षी मागे बसली. त्यांच्या मागे वीस पावलांवर जयराम स्कूटर घेऊन उभा होता, दोन्ही बाजूंना रिकाम्या पिशव्या अडकवून.

"चल रे," कमलाक्षी मागे न बघता म्हणाली, "आणि ब्रेकरार हॉर्न मारू नको. बायो बोलतत माझ्याशी."