श्रद्धांजलीची पातळी

रेडिओ स्टेशनचे मालक वारले, तेव्हा तिथल्या साउंड इंजिनिअरने डोळे पुसले आणि पहिली काळजी केली ती आवाजाची. त्याला सगळे कानवाले म्हणत. मालकीणबाईंना कमी ऐकू यायचं. बातम्या पुटपुटतात आणि जाहिराती बोंबलतात, ही त्यांची कायमची तक्रार. म्हणून मालकांनी खास मशीन बसवलं होतं: हळू आवाज वर उचलायचं, चढा खाली दाबायचं. तेव्हापासून त्या घरात निदान रेडिओवरून तरी भांडण झालं नव्हतं.

दोन मिनिटं मौन पाळायचं, तेही रेडिओवर थेट. त्या श्रद्धांजलीला स्टुडिओत थोरला मुलगा, धाकटी मुलगी आणि कोपऱ्यात हेडफोन लावलेले कानवाले.

"काका, दोन मिनिटं माईक बंद ठेवा," मुलगी म्हणाली.

"छे हो ताई! लोकांना वाटेल रेडिओच गेला. शांतता कशी, खोलीसकट ऐकू यायला हवी."

माईक चालू राहिला. मशीनही चालूच राहिलं. तेवढं मात्र ते विसरले.

सगळे उभे राहिले. कुणीतरी फारच हळू बोलतंय अशा समजुतीने मशीन आवाज उचलू लागलं. आधी पंखा घरघरला. मग थोरल्याचं पोट गावभर गुरगुरलं.  कानवाल्यांचं बोट मशीनच्या बटणाकडे धावलं, तोच हेडफोनमध्ये भावंडांची कुजबूज आली, बातम्यांइतकी स्वच्छ.

"आईची सही झाली की स्टेशन विकून मोकळे."

"तिला काय सांगायचं?"

"दवाखान्याचे कागद म्हणायचं. तिला कुठे ऐकू येतंय! पण आधी या कानवाल्याला घरी बसवू."

बोट जागच्या जागी थबकलं.

"बोल बाबा, बोल," कानवाले पुटपुटले.

शांतता संपते न संपते तोच फोन खणाणला. मालकीणबाई.

"कित्येक वर्षांनी पोरांचं बोलणं नीट ऐकलं," त्यांचा आवाज कोरडा ठणठणीत होता. "सही होणार नाही म्हणावं."

"सही होणार नाही, सांगतो, बाई!" त्यांना ऐकू जावं म्हणून कानवाले ओरडले. थोरल्याचा चेहरा उतरला. नोकरी वाचली, या आनंदात कानवाल्यांनी पुस्ती जोडली, "बरं झालं, मशीन चालू होतं!"

"हो ना. तुमचंही ऐकलं. बटण हाताशीच होतं ना?"

कानवाल्यांनी घाईघाईने मशीनचं बटण दाबलं.

"त्यांच्यासाठी दोन मिनिटं गप्प राहायचं होतं. तिघांपैकी एकालाही जमलं नाही. संध्याकाळी तिघंही घरी या. आणि मोठ्याने बोला. इथे मशीन नाही."