कपाटात बसून केलेला विचार

“कडी लावून बघायची असेल तर आधी बाहेर एखादं शहाणं माणूस उभं कर,” असं सासूबाईंनी गावी जाण्याआधी बजावलं होतं. “हा असतो की घरी,” सून म्हणाली. त्यावर सासूबाईंनी बॅग उचलली. मुलाच्या विषयावर त्या सहसा बोलत नसत.

सून डिझायनर होती. मुलीसाठी घेतलेली दोन वर्षांची सुट्टी संपवून रुजू झाल्यावर तिच्याकडे आलेलं पहिलं काम म्हणजे सिंकखालच्या कपाटाची कडी, लहान मुलांना उघडता येणार नाही अशी. आधीच्या लोकांचे नमुने काम देणाऱ्या कंपनीने परत पाठवले होते. तिचाही परत आला, तर काम दुसऱ्या कुणाकडे जाणार होतं आणि तिला, सरांच्या शब्दांत, “घरी भरपूर वेळ देता येणार” होता.

सर म्हणजे स्टुडिओचे मालक. त्यांचा एकच मंत्र होता: वापरणाऱ्याच्या जागी जाऊन बसा, प्रेरणा तिथेच भेटते. तिला तो मनापासून पटला होता. आठवडाभर ती दोन वर्षांच्या लेकीच्या उंचीवरून घरभर रांगत होती. टेबलाच्या कडा, पलंगाखाली सुटलेला स्क्रू, प्लगची भोकं, सगळं तिला नव्याने दिसलं आणि तिची झोप उडाली. लेक, म्हणजे चिमणी, तिच्या मागून चालत यायची. रांगणं तिने केव्हाच सोडलं होतं.

कंपनीला नमुना दाखवायच्या ऑनलाइन मीटिंगच्या दिवशी सकाळी तिच्या लक्षात आलं, की एक जागा राहूनच गेली. कडीचा नमुना बसवलेल्या घरच्या कपाटाच्या आतली. मुलांना तिथे शिरावंसं का वाटतं, हे बाहेर बसून कसं कळणार? तिने फिनेलच्या बाटल्या वर उचलून ठेवल्या आणि गुडघे पोटाशी घेऊन आत जाऊन बसली. तेवढ्यात नवरा पाणी प्यायला आला. सिंकखालचं दार उघडं दिसलं की लावायचं, असं तिनेच त्याला हजारदा सांगितलं होतं. त्याने ते पायाने लोटलं. कडी बसली. आवाज चांगला येतो, हे तिने मनाशी टिपून घेतलं.

कडी आतून उघडायची सोय नव्हती. कपाटात बसलेला ग्राहक तिने धरलाच नव्हता.

“तू आत आहेस?” नवऱ्याने विचारलं.

“हो. उघड.”

“कुठे दाबायचं?”

नमुना पहिल्यांदा हाताळणाऱ्याला काही सुचवायचं नाही, हा तिच्या कामातला नियम. “तुला काय वाटतं, कुठे दाबावं?”

“मला वाटतं, तू सांगावंस.”

बराच वेळ ती त्याची धडपड नुसती ऐकत राहिली. मीटिंग तोंडावर आली तेव्हा तिने नियम सोडला आणि खालच्या खाचेत बोट घालून दाबायला सांगितलं. बोट जाईना. खाच तिने स्वतःच्या बोटाच्या मापाने केली होती. नवऱ्याची करंगळीसुद्धा अर्ध्यात अडकली. बिजागऱ्यांचे स्क्रू आतल्या बाजूला होते. दार फोडतो म्हणाला, तर तिने त्याला शपथ घातली. नमुना एकच होता.

शेवटी त्याने मोबाइल कपाटासमोर स्टुलावर उभा केला. पडद्यावर सर होते आणि कंपनीच्या खरेदीप्रमुख बाई. मॅडम दिसत नाहीत, असं बाई म्हणाल्या. नवऱ्याने कपाटाकडे बोट दाखवलं. “ती वापरणाऱ्याच्या जागी आहे,” सर भारावून म्हणाले.

पाइपाच्या भोकाशी तोंड नेलं की आवाज बरा जात होता. तिने कडीची सगळी माहिती तिथूनच दिली. नवऱ्याने ती उघडायचा प्रयत्न करून दाखवला. त्यात अभिनय अजिबात नव्हता, त्यामुळे बाई प्रसन्न दिसल्या.

तेवढ्यात चिमणी आली. आठवडाभर आईच्या मागे फिरून तिने सगळं पाहून ठेवलं होतं. तिने खाचेत बोट घातलं, दार उघडलं, आईला “कुक” केलं आणि दार पुन्हा लावून टाकलं.



“म्हणजे मुलांना उघडते, मोठ्यांना नाही,” बाई म्हणाल्या. “माझ्या सासऱ्यांना मधुमेह आहे, पण फ्रिजमधली मिठाई सोडवत नाही. कुलूप लावलं, तर किल्ली शोधून काढतात. नातवाचं मात्र ऐकतात. फ्रिजला बसेल का हो ही?”

“बसेल,” कपाट म्हणालं.

“मग कडी आहे तशीच राहू द्या. ग्राहक तेवढा बदलून घ्या.”

मीटिंग संपल्यावर चिमणीने तिला सोडवलं. नोकरी राहिली. पण सरांच्या मनातून ते कपाट जाईना. अंधारात, गुडघे पोटाशी घेतल्याशिवाय असं काही सुचणं शक्य नाही, अशी त्यांची खात्री झाली. आपल्याला कित्येक महिन्यांत काही सुचलेलं नाही, असंही त्यांनी तिला खासगीत सांगितलं. नमुना त्यांनी मागवून घेतला. आज ऑफिसला सुट्टी आहे. सकाळी त्यांनी तिथल्या सिंकखालच्या, कडी बसवून रिकाम्या केलेल्या कपाटाचा फोटो काढून पाठवला. त्यानंतर निरोप नाही. फोन वाजतो, पण उचलत नाहीत.

तिला स्वतःला जायचं आहे. पण चिमणी आत्ता कुठे मांडीवर झोपली आहे आणि झोपलेलं मूल उठवण्याची तिची हिंमत नाही. नवऱ्याला पाठवण्यात अर्थ नाही. तेव्हा तुम्ही त्या बाजूला असाल तर कृपा करून डोकावून या. बारीक बोटांचं कुणीतरी सोबत न्या आणि सिंकखाली टकटक करा. ‘अजून काही सुचलेलं नाही, नंतर या,’ असं आतून आलं, तर वाद घालू नका. हवा लागते आहे ना, एवढं मात्र विचारून घ्या.