काळ्या नमद्याचा पट्टा

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, आणि न बसलेलाच बरा. विश्वास बसला की लोक पुरावा मागतात.

कायदा राजधानीत जन्मतो आणि घाट चढता चढता म्हातारा होतो, हे सर्वमान्य सत्य आहे. आमच्या ताशबुलाकला पोचेपर्यंत त्याला धाप लागलेली असते. गाडीत बसणाऱ्याने छातीवर पट्टा बांधावा, हा कायदाही असाच धापा टाकत आला. गावाने त्याला चहा पाजला, बोरसोक, म्हणजे कणकेचे गोळे, तळून खाऊ घातले आणि मग त्याच्यावर विचार केला.

विचारान्ती असे निष्पन्न झाले की पट्टा हा अपमान आहे. तुम्ही कुणाकडे जेवायला गेलात आणि ताट समोर येताच खिशातून जुलाबावरची गोळी काढून शेजारी ठेवलीत, तर यजमानाला काय वाटेल? दुसऱ्याच्या गाडीत बसून पट्टा ओढणे म्हणजे तेच. आमच्या गावातून राजधानी बिश्केकला टॅक्सी नेणारा कुबात, त्याच्या गाडीत मागे बसलेल्या एका डॉक्टरांनी एकदा पट्ट्याला हात घातला. कुबातने गाडी थांबवून शांतपणे विचारलं, "डॉक्टरसाहेब, तुमच्या दवाखान्यात येताना मी कफन बरोबर आणतो का?" डॉक्टरांनी पट्टा सोडून दिला. (तसाही तो निघाला नसता. त्याच्या दुसऱ्या टोकाला बटाट्याचं पोतं बांधलेलं होतं.)

या घटनेतून 'आदरातिथ्य संरक्षण व पट्टाप्रतिकार समिती' जन्माला आली. अध्यक्ष मी, शार्शेन. वयाने मोठा आणि दुसरा उद्योग नाही, या दोन्ही पात्रता माझ्यात एकवटल्या होत्या. समितीने प्रथम शास्त्रीय पाहणी केली. आजवर अपघातात सापडलेल्या सर्वांना एकच प्रश्न: पट्ट्यावाचून काही अडलं का? उत्तर देणाऱ्यांपैकी शंभर टक्के लोक म्हणाले, छे. (काहींनी उत्तरच दिलं नाही. ते टेकडीवरच्या कबरस्तानात असतात आणि एकूणच मितभाषी आहेत.)

प्रश्न उरला तो पोलीस चौकीचा. तो माझ्या बायकोने, बूबूकानने सोडवला. तंबूसाठी लोकर दाबून नमदे करण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. तिने काळ्या नमद्याची लांब पट्टी कापली आणि माझ्या कोटावर खांद्यापासून कमरेपर्यंत तिरकी शिवून टाकली. दुरून हुबेहूब. चौकीवरचा शिपाई खूश, कायदा खूश, छाती मोकळी. पाहता पाहता शेजारच्या खोऱ्यांतून मागणी आली. लग्नकार्यासाठी मेंढीच्या शिंगांची नक्षी असलेला प्रकार निघाला. चौकीवरच्या साहेबांनीही आपल्यासाठी एक नेला. (त्यांची मान जाड, म्हणून जरा ढिला.)

तरीही चळवळीचा खरा खांब म्हणजे माझा अपघात. गेल्या हिवाळ्यात घाटात माझी गाडी बर्फावरून घसरली आणि कोलांट्या खात दरीत निघाली. अंगावर पट्टा फक्त नमद्याचा, त्यामुळे मी काचेतून सन्मानाने बाहेर पडलो. नदी ओलांडली. वाटेत एक गरुड आडवा आला; आमच्याच जिल्ह्याचा असल्यामुळे त्याने वाट दिली. शेवटी मी कुणाच्या तरी गवताच्या गंजीवर बसलेला आढळलो, डोक्यावर टोपी जशीच्या तशी. खाली गाडीची भाकरी झालेली. पट्टा बांधला असता तर त्या भाकरीत मी असतो! ही हकीकत आमच्याकडे पोरं मुळाक्षरांआधी शिकतात.

परवा माझी नात चिनारा नर्सिंग शिकायला बिश्केकला निघाली. कुबातच्या गाडीत पुढची जागा. निरोपाला सगळा गाव जमला होता. म्हाताऱ्याने तळवे उघडून आशीर्वाद दिल्याखेरीज आमच्याकडे चाक हलत नाही. मी तळवे उचलले, तर पोरीच्या मुठीत पट्टा.

"आजोबा, घाटात बर्फ पडलंय म्हणतात," ती हळूच म्हणाली. "बांधू का?"

कुबात आभाळाकडे बघू लागला. गाव माझ्याकडे. समिती, कुबातची इज्जत, माझी गंजी, सगळंच पणाला लागलेलं. त्या लेकराच्या आईला आम्ही त्या घाटानेच घरी आणलं होतं, टेकडीवर नेण्यासाठी. पण अध्यक्षाने डगमगून कसं चालेल? मी पुन्हा ती हकीकत सांगितली, कधी नव्हे इतकी रंगवून. या खेपेला गरुड दोन होते. चिनाराची मूठ सैल झाली. पट्टा सुर्रकन मागे गेला.

"म्हातारबुवा, हात खाली घ्या," मागून बूबूकान म्हणाली. "त्या दिवशी अंगावर माझाच पट्टा होता ना? नमद्याचा?"

"तोच. सगळा गाव साक्षी आहे."

"नमद्याने वळ उठत नाही. डाव्या खांद्यापासून उजव्या बरगडीपर्यंत काळानिळा पट्टा होता तुमच्या छातीवर, मी शिवते त्याहून सरळ. बर्फ वितळेपर्यंत मेंढीच्या शेपटीची चरबी चोळत होते मी."

गाव खो-खो हसला. सर्वांत जास्त कुबात. त्या गलक्यात गाडीतून 'टक' असा बारीक आवाज आला, तो फक्त बूबूकानला आणि मला ऐकू गेला.

बूबूकानने हसणाऱ्यांवरून एकदा नजर फिरवली.

"हसू नका," ती म्हणाली. "उरलेली चरबी तुमच्याच बायका मागून घेऊन गेल्यात."