भिंतीवरून उतरलेली पावलं

अकराला येतो म्हणणाऱ्या माणसाने अकरालाच यावं. मुलगा दहालाच आला आणि मेट्रनबाईंची भिंत पुसायची राहून गेली.

मेट्रनबाईंना रुग्णालयातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण सगळी इमारत त्यांना अजून मेट्रनबाईच म्हणायची. नवऱ्यामागे त्या तिसऱ्या मजल्यावर एकट्याच राहत. मागच्या वर्षी दिवा बदलताना त्या स्टुलावरून पडल्या. फुटला तो फक्त दिवा, पण मुलाने त्याच दिवशी त्यांच्याकडून वदवून घेतलं, की पुन्हा स्टुलावर चढले तर सामान बांधून तुझ्याकडे राहायला येईन. त्याला तेवढाही धीर निघेना. महिन्यापूर्वी त्याने बाहेरची खोली पांढरीशुभ्र रंगवून घेतली, भाडेकरूही हेरून ठेवले, आणि आज तो शेवटचं काय ते ठरवायला येणार होता.

इकडे बाई तीन आठवड्यांपासून हातांवर उभं राहायला शिकत होत्या. नातीने मोबाइलवर दाखवलं होतं. भिंतीकडे पाठ करून ओणवं व्हायचं, हात जमिनीला टेकवायचे आणि एकेक पाय भिंतीवर ठेवत वर वर चढत जायचं. चाळीस वर्षं लोकांना पायांवर उभं केलं, आता आपण हातांवर उभं राहून बघावं, इतका साधा विचार होता त्यांचा. यात स्टूल कुठेच नव्हतं, त्यामुळे दिलेला शब्दही मोडत नव्हता. आज कुंड्यांना पाणी घालून त्या तशाच अनवाणी आत आल्या, भिंतीवर चढल्या, मोजून दहा आकडे उलट्या उभ्या राहिल्या, खुशीत खाली उतरल्या, आणि बेल वाजली.

"आई, हे काय?" मुलगा दारातच थबकला.

पांढऱ्या भिंतीवर मातीच्या पावलांची रांग होती. टाचा वर, बोटं खाली. झरोक्याच्या जरा खालून निघून ती थेट जमिनीपर्यंत आली होती.

खरं सांगावं तर सामान बांधणं आलं. चाळीस वर्षं मोठमोठ्या डॉक्टरांसमोर वेळ मारून नेलेल्या बाईंनी "बघू, कसलं रे?" म्हणत चष्मा शोधायला आतली खोली गाठली. परत येईपर्यंत मुलाने एकट्यानेच छडा लावला होता. झरोक्यातून चोर उतरला होता. बाईंना हे बरंच सोयीचं वाटलं.

"असेल," त्या म्हणाल्या.

तिथेच त्या चुकल्या. मुलाने सेक्रेटरींना बोलावलं. सेक्रेटरींना इमारतीत काहीतरी घडावं असं कित्येक वर्षं वाटत होतं. ते वही आणि मापाची टेप घेऊनच आले. पाऊल बावीस सेंटिमीटर भरलं. एवढ्या लहान पावलाचा माणूस कोण, याचा त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि त्यांना वॉचमनचे बूट आठवले. दर वर्षी ते लहान मापाचे बदलून आणावे लागत.

वॉचमनला वर बोलावून टेपवर उभं केलं. साडेबावीस. काल कुठे होतास, असं विचारल्यावर त्याने भाबडेपणाने सांगून टाकलं, की बाईंच्याच सांगण्यावरून झरोक्याबाहेरच्या सज्ज्यावर कबुतराचं घरटं काढत होतो. सेक्रेटरींनी ते अधोरेखित करून लिहून घेतलं. तेरा वर्षांची नोकरी संध्याकाळपर्यंत टिकेल असं दिसेना.

"साहेब, मी जिन्याने येतो," वॉचमन म्हणाला. "भिंतीवरून मला नाही येत."

बाईंना स्वतःची लाज वाटली. आपल्या चार भिंती वाचवायला आपण दुसऱ्याच्या पोटावर पाय देतोय, हे त्यांना सहन होईना.

"पावलं माझी आहेत," त्या म्हणाल्या.

"आई, त्याला वाचवायला तू काहीही बोलशील."

"बाईंचं मन मोठं आहे," सेक्रेटरी म्हणाले, आणि त्यांनी ते लिहूनसुद्धा घेतलं नाही.

बाई आत गेल्या आणि ट्रॅकपँट घालून बाहेर आल्या. ही कधी घेतलीस, असं मुलगा विचारतोय तोवर त्यांनी हात टेकले होते. पाय एकामागून एक जुन्याच ठशांवर पडत वर गेले. वॉचमन मोठ्याने आकडे मोजू लागला. जीवावरचं संकट टळल्यामुळे त्याचा आवाज जिन्यापर्यंत जात होता. वीस झाल्यावर बाई जशा चढल्या तशाच पाऊल-पाऊल उतरल्या आणि त्यांनी केस सारखे केले.

मुलाचा चेहरा भिंतीसारखा पांढरा पडला होता. "हे तर स्टुलापेक्षा भयंकर आहे. आजच सामान बांधायचं."

"भयंकर काय त्यात? तुलाही जमेल."

"जमायचा प्रश्नच नाही. हात सटकला तर काय होतं, ते दाखवतो तुला." त्याने मोजे काढले, बाह्या सारल्या, हात टेकले आणि आईच्या डोळ्यांदेखत तरातरा भिंत चढून गेला. हात काही सटकले नाहीत. खिशातला मोबाइल तेवढा जमिनीवर पडला. मग बराच वेळ काहीच झालं नाही.

"आई."

"काय रे?"

"उतरायचं कसं?"

बाईंनी पुढे होऊन त्याचे दोन्ही घोटे घट्ट धरले. अशा पकडीतून आजवर एकही रुग्ण सुटला नव्हता. "घाबरू नकोस, मी धरलंय. त्या भाडेकरूंचा नंबर मोबाइलमध्ये आहे ना?"

"आई, आधी खाली घे."

"घेते की. तेवढा फोन होऊ दे."

मुलाने खालूनच नंबर कुठे आहे ते सांगितलं. वॉचमनने तो लावला आणि गुडघ्यांवर बसून मोबाइल साहेबांच्या कानाला लावला. आधी उलटा लागला, मग त्याने तो फिरवून नीट धरला.

"हॅलो," लालबुंद चेहऱ्याने मुलगा शक्य तितक्या सभ्यपणे म्हणाला. "त्या जागेचं विचारत होतात ना, ती रिकामी नाही." आईची पकड जराही सैल झाली नव्हती. "नाही हो, पुढेही होणार नाही. आई राहते तिथे."