बोआहेनचं पोट आणि सेरवाबाईंची खानावळ

क्वाकू बोआहेननी पोट उतरवायचं ठरवलं, तेव्हा ते पोट आपल्या एकट्याचंच आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. आमच्या माम्पोंग गावात तसं कुणीच मानत नव्हतं. बाजाराच्या तोंडाशी त्यांच्या बायकोची, सेरवाबाईंची खानावळ. दारातल्या बाकावर संध्याकाळी ते पोट टेकलेलं दिसलं, की लोक बिनधास्त आत शिरत. असा देह जिथे पोसला जातो तिथला फुफू, म्हणजे केळी-कसावा कुटून केलेला रश्शासोबतचा गोळा, वाईट कसा असेल? सेरवाबाईंनी वेगळी पाटी कधी लावलीच नाही.

निमित्त झालं कचेरीच्या जिन्याचं. हेडक्लार्क बोआहेन धापा टाकत वर पोचेपर्यंत साहेबांची घरी जायची वेळ व्हायची (थोडी अतिशयोक्ती आहे, पण थोडीच). दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं, रात्रीचा फुफू बंद करा, पालेभाजी खा, चाला, वेळेवर झोपा. बोआहेननी ते सरकारी परिपत्रकासारखं पाळलं. कचेरीत पायी जाऊ लागले, दुपारी कोंतोमिरेचा पाला, संध्याकाळी पपईची फोड, की लगेच अंथरूण.

"बकरीसुद्धा बाजारात यामचा कंद दिसला तर तोंड घालते," सेरवाबाई म्हणाल्या, "तुम्ही तिच्याही पुढे गेलात."

पण गुण आला. काही महिन्यांत बोआहेन दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढायला लागले. पट्ट्याला नवी भोकं पडली. दिवसभर अशी तरतरी, की शिपायाला हाक मारण्याऐवजी फायली स्वतःच आणायचे. आरशासमोर उभं राहिलं की त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं (वजनकाट्यावर ते दिसत नसे).

मग एका शनिवारी गावातल्या एका थोर म्हाताऱ्याचं उत्तरकार्य निघालं. सगळा गाव काळ्या कपड्यांत मांडवात बसलेला. बोआहेननी खांद्यावरून काळं कापड गुंडाळलं आणि रिवाजाप्रमाणे उजवीकडून सुरुवात करून रांगेतल्या एकेकाशी हात मिळवत निघाले. प्रत्येकाने हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

"बोआहेन, काय हे? कशाने झालं?" एकाने हळूच विचारलं.

बोआहेनना धन्य वाटलं. एवढ्या कौतुकात बायकोचाही वाटा असावा म्हणून ते साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "सगळं बायकोच्या हातचं खाऊन!"

सोमवारी खानावळीतली बाकं रिकामी होती. मंगळवारीही. रश्शाचं पातेलं भरलं तसंच उतरलं.

"काय बोलून आलात तिथे?"

"तुझं कौतुक केलं."

"लोक म्हणतायत, सेरवाच्या रश्शाने नवरा वाळला. आईच्या चुलीवर उभी राहिलेली खानावळ आहे ही. ती बुडाली तर मी कुणाला तोंड दाखवू?" सेरवाबाईंचे डोळे भरून आले. बायको रडताना बोआहेननी फारशी पाहिली नव्हती. त्यांना फार वाईट वाटलं.

तेवढ्यात तिचे मामा येऊन बसले. आधी त्यांना पाणी दिलं, मग रीतीप्रमाणे येण्याचं कारण विचारलं. मामांनी सावकाश पेला खाली ठेवला.

"जावईबापू, मुलगी दिली तेव्हा तुम्ही काटकुळे होतात. तिने तुम्हाला माणसात आणलं. आता तिची सगळी मेहनत वाया का घालवलीत?"

"मला काही झालेलं नाही, मामा. उलट ताकद वाढलीय."

"आजारी माणूस असंच म्हणतो."

बोआहेन ताडकन उठले. दारात जाऊन त्यांनी फुफू कुटणाऱ्या गड्याच्या हातातलं उंच मुसळ घेतलं आणि दंड दिसावेत म्हणून सदरा काढला (बरगड्याही दिसल्या, पण तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं).

"सेरवा, गोळा फिरवायला बस."

सेरवाबाई बसल्या. मुसळ वर गेलं की त्यांचा हात उखळात, हात निघाला की मुसळ खाली. एकदाही चूक नाही. केळी-कसाव्याचा गोळा लोण्यासारखा झाला, तरी बोआहेन थांबेनात. बाजार जमला. मामांनीही मान हलवली. तेव्हा बोआहेनना जो अभिमान वाटला, तो हेडक्लार्क झाले तेव्हाही वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून बाकं भरायला लागली. बोआहेन कचेरी सुटली की मुसळ धरायचे आणि गिऱ्हाइकांकडे विजयी मुद्रेने बघायचे. आपल्या ताकदीनेच खानावळ तारली, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

एके दिवशी गिऱ्हाइकांतल्या कोनाडू आजी जेवण उरकून त्यांना बाजूला घेऊन गेल्या. पानात बांधलेला मटणाचा तुकडा त्यांच्या हातात कोंबत म्हणाल्या, "खाऊन घे, बाळा. पोटभर खायला देत नाही ती देत नाही, वर कुटायलाही लावते! आम्ही सगळे इथे जेवतो ते तुझ्यासाठीच रे. तिचा धंदा चालला, तर तुझ्याही पोटात काही पडेल."

बोआहेन तसेच चुलीपाशी गेले. "सेरवा, हे लोक माझी कीव करायला येतात!"

"मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," रस्सा वाढता वाढता सेरवाबाई म्हणाल्या.

"मग मी आता सगळ्यांसमोर खरं काय ते सांगतो."

सेरवाबाईंनी दाराकडे पाहिलं. बाहेर गिऱ्हाइकं जागेसाठी ताटकळत उभी होती.

"नंतर सांगा," त्या म्हणाल्या. "आधी तो सदरा काढा."