ब्राझीलची पंगत आणि शेडग्यांची भावकी

पाहुण्याला त्याच्या घरचं जेवण घातलं की तो जन्मभर आपला होतो, हे तत्त्व किसनराव शेडगे यांनी एका दुपारी, कोणीही विचारलेलं नसताना, पडवीत बसून जाहीर केलं. समोर लसूण सोलत बसलेल्या त्यांच्या बायकोनं, चंद्रकलाबाईंनी, मान वर केली नाही. माझा भाऊ इथं येतो तेव्हा त्याच्याच घरचं खायला मागतो, तेव्हा तुमचं तोंड का वाकडं होतं, एवढंच त्यांनी विचारलं. किसनरावांनी तो प्रश्न ऐकला नाही. तत्त्ववेत्त्यांना मध्येमध्ये ऐकू येत नाही.

मुळशी धरणाच्या काठाला, रस्त्यापासून जरा आत, किसनरावांचं 'होमस्टे' होतं. थोडी जमीन विकून बांधलेल्या चार खोल्या, पुढे अंगण, अंगणापलीकडे भाताचं खाचर आणि खाचरापलीकडे चुलतभाऊ एकनाथचा बांध. लवासा बघायला निघालेली माणसं सुरुवातीला चुकून तिथं उतरायची. नंतर त्यांनी चुकायचं सोडून दिलं. खोल्यांमध्ये आता कांदे होते.

अशात पुण्याच्या एका प्रवासी कंपनीतून मेधा नावाच्या बाईंचा फोन आला. कंपनीला परदेशी पाहुण्यांसाठी मुळशीत एक घर कायमचं ठरवायचं होतं. पहिली तुकडी ब्राझीलची. येत्या रविवारी दुपारी जेवायला येणार, जमलं तर पुढे दर महिन्याला एक तुकडी. मंडळी तीन आठवडे पनीर खाऊन कंटाळली आहेत, घरच्या जेवणाची आठवण काढतात, असं मेधाबाई सहज बोलून गेल्या.

"ब्राझीलचं जेवण व्हय?" किसनराव म्हणाले. "त्यात काय! आमी करतोच की."

फोन ठेवल्यावर त्यांनी सुनेला, वैशालीला, हाक मारून ब्राझील नेमकं कुठं आलं ते विचारून घेतलं.

चंद्रकलाबाईंनी आपली अट त्याच संध्याकाळी सांगितली. हे जेवण फसलं तर खोल्यांना कुलूप, आणि सोमवारपासून किसनरावांनी उरवड्याच्या कारखान्यात वॉचमन म्हणून उभं राहायचं. त्यांच्या भावानं तिथं शब्द टाकून ठेवला होता. गणवेशासाठी कमरेचं मापही कळवून झालं होतं. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्याला 'कोण हाय रं तिकडं?' असं फक्त स्वतःच्या जमिनीवर उभं राहून विचारलं, त्यानं आता ते पगारावर विचारायचं! किसनरावांना रात्री झोप लागली नाही.

वैशालीनं मोबाइलवर सगळं शोधून काढलं. ब्राझीलमध्ये काळ्या घेवड्याची उसळ करतात, त्यात डुकराचं मटण घालतात. डुक्कर शेडग्यांच्या उंबऱ्याच्या आत येणं शक्य नव्हतं, म्हणून उसळ एकटीच राहिली. मोठ्या जनावराचा विषय निघाला तेव्हा चंद्रकलाबाईंनी फक्त गोठ्याकडे पाहिलं. तो विषयही तिथंच मिटला. कंदाचं पीठ तुपात परतून ते लोक मटणावर भुरभुरतात. तो कंद म्हणजे ज्याचा आपला साबुदाणा होतो तोच, असं निघालं. उपासाचा साबुदाणा दळून मटणावर टाकायचा, हे ऐकून चंद्रकलाबाई देवघरात जाऊन आल्या आणि मग दळायला बसल्या. पेय उसाच्या दारूचं, लिंबू आणि साखर घालून. दारूचा परवाना नव्हता. किसनरावांनी तोड काढली की दारू उसाचीच ना, मग उसाच्या रसातच लिंबू पिळा, पुढचं ज्याच्या त्याच्या पोटात होईल.

खरी मेख होती मटणात. ब्राझीलचे लोक मटणाला नुसतं जाडं मीठ लावतात, ते हातभर लांबीच्या लोखंडी सळईत ओवतात, निखाऱ्यावर भाजतात आणि वाढपी ती सळई तलवारीसारखी हातात धरून पाहुण्याच्या पुढ्यात मटण कापतो. किसनरावांनी तो व्हिडिओ आठ वेळा पाहिला. आठव्या वेळी त्यांना वाढप्याच्या जागी स्वतःचा चेहरा दिसला.

दुसऱ्याच दिवशी ते पौडला, जनार्दनच्या वेल्डिंगच्या दुकानात गेले. आजूबाजूचे खोल्यावाले आपली युक्ती चोरतील ही धास्ती त्यांच्या मनात होती, म्हणून त्यांनी तोंडातून कमीत कमी शब्द काढले. सहा तलवारी पाहिजेत. मुठी मजबूत. टोक असं, की मांसात लोण्यासारखं जावं. कशाला, असं जनार्दननं विचारल्यावर किसनरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "रविवारी बाहेरनं माणसं येणार हायेत. त्यांच्या कामाला. कुणाला बोलू नको."

यातला एक शब्दही खोटा नव्हता.

जनार्दन शब्दाचा पक्का. त्यानं कुणालाच सांगितलं नाही. पण दुकानात गेटच्या जाळीची वाट बघत एकनाथचा व्याही बसला होता, आणि त्याला कुणी काही बजावलेलं नव्हतं.

आता एकनाथबद्दल सांगायला हवं. हा किसनरावांपेक्षा दोन महिन्यांनी धाकटा चुलतभाऊ. लहानपणी दोघं एका ताटात जेवायचे. पुढे दोघांमधल्या बांधावरून वाजलं. तू कोरलास, मी कोरला, असं होत होत बांधाची पार सुतळी झाली आणि बोलणं बंद झालं. कित्येक वर्षांत एकानं दुसऱ्याच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. शेवटी एकनाथनं सरकारी मोजणी मागवली. मोजणीवाले येणार होते सोमवारी.

मोजणी सोमवारी, आणि किसन सहा तलवारी घेऊन बाहेरची माणसं उतरवतोय रविवारी! एकनाथला याचा अर्थ लावायला फार वेळ लागला नाही. तुम्हालाही लागला नसता.

शनिवारी किसनरावांना खाचरापलीकडे एक माणूस उभा दिसला. मग दोन. एकनाथची बायको गडबडीनं माहेरी गेली. बांधाशी कुणीतरी काठ्यांना तेल लावत होतं. आपल्या होमस्टेवर आत्तापासूनच जळतायत, असं किसनराव समाधानानं म्हणाले आणि निखाऱ्यासाठी चर खणायला लागले. अंगणाच्या टोकाला, बांधाशेजारी, माणूस झोपेल एवढा लांब चर. पलीकडची माणसं त्या चराकडे बघत राहिली आणि संख्येनं वाढली.

रविवारी दुपारी काळ्या काचांची गाडी आली. सहा पाहुणे उतरले. ही मंडळी ब्राझीलच्या कुठल्याशा होडी वल्हवणाऱ्या क्लबची होती. एकेकाचे खांदे असे, की गाडीतून उतरताना त्यांना आधी एक खांदा बाहेर काढून मग दुसऱ्याची वाट बघावी लागत होती. मागून मेधाबाई उतरल्या. त्यांनी अंगण पाहिलं, चूल पाहिली, स्वच्छतागृह पाहिलं आणि चेहऱ्यावर काहीच दाखवलं नाही. किसनरावांनी स्वच्छतागृहाचं दार पुन्हा एकदा नीट लावून घेतलं.

पाहुण्यांचा म्होरक्या तियागो. त्यानं सळया पाहिल्या आणि त्याचे डोळे भरून आले. उन्हामुळे त्यानं सदरा काढला, मटण कापायची सुरी कंबरेला खोचली, दोन सळया दोन हातांत घेतल्या आणि निखाऱ्यापुढे असा उभा राहिला, की लांबून पाहणाऱ्याला मटण दिसू नये, बाकी सगळं दिसावं. मधेच त्यानं मेधाबाईंना काही विचारलं. त्यांच्याकडे रविवारचं मटण भाजायला घातलं की सगळे शेजारी गोळा होतात, इथं कुणीच कसं नाही, असं त्याला वाटत होतं.

त्याच वेळी चंद्रकलाबाईंनी किसनरावांना मागच्या दारी ओढलं. शेजारची रेश्मा सांगून गेली होती: एकनाथभावजी निघालेत. बरोबर अख्खी भावकी. काठ्या, कोयते. किसननं तलवारवाले आणलेत, पुरायला खड्डाबी खणलाय, म्हणत्यात.

किसनरावांनी अंगणाकडे पाहिलं. सहा धिप्पाड माणसं. सहा तलवारी. एक खड्डा. गेल्या चार दिवसांत आपण काय काय केलं ते त्यांना पहिल्यांदाच एकनाथच्या डोळ्यांनी दिसलं, आणि एकनाथचं काही चुकलं असं त्यांना वाटेना.

वैशालीला बांधावर धाडलं. तिनं हात जोडून सांगितलं, की हे लोक जेवायला आलेत.

"तलवारीनं जेवत्यात व्हय?" एकनाथनं विचारलं. भावकी पुढं सरकली. वैशाली मागं.

इकडे मेधाबाई उभ्या राहिल्या होत्या.

"हे कोण लोक आहेत?"

"आमची भावकी," किसनराव म्हणाले. "पाहुणे आले की येतात."

"हातात काठ्या आहेत त्यांच्या."

"परंपरा हाय."

बांधावरून किसनरावांच्या वडिलांपासून सुरुवात करून एक लांबलचक वाक्य आलं.

"आणि शिव्या?"

"त्याबी परंपरा."

मेधाबाईंनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. किसनरावांना डोक्यावर वॉचमनची टोपी जाणवायला लागली. घट्ट होती. सळया तरी काढून घ्याव्यात म्हणून ते तियागोकडे धावले आणि एका मुठीला हात घातला, पण तियागोला वाटलं यजमान मदतीला आले. त्यानं मान वर केली, आणि त्याला बांधावरची पन्नासेक माणसं दिसली.

शेजारी आले होते!

तो आनंदानं ओरडला. बाकीचे पाचही ओरडले. आणि सहाच्या सहा जण, हातात वाफाळत्या तलवारी घेऊन, बांधाच्या दिशेनं पळत सुटले.

भावकीत नंतर यावर बरीच चर्चा झाली. आम्ही पळालो नाही, जागा करून दिली, असं ठरलं. उकिरड्यामागे एवढी माणसं मावतात हे मात्र त्या दिवशी गावाला कळलं. एकटा एकनाथ जागचा हलला नाही. ज्यानं सगळ्यांना बोलावून आणलं, त्याला पळता येत नाही. तो दोन्ही हातांनी कोयता छातीशी धरून उभा राहिलेला किसनरावांना अंगणातून दिसत होता. लहानपणी विहिरीत पहिली उडी मारताना हा असाच उभा राहिला होता, हेही त्यांना नको त्या वेळी आठवलं. "नाथा, बस खाली!" असं ते ओरडले, पण पाहुण्यांच्या आरोळीत ते कुणाला ऐकू गेलं नाही.

तियागो एकनाथपुढे थांबला. सळईचं टोक एकनाथच्या छातीपासून हातभर. कंबरेची सुरी त्यानं उपसली. उकिरड्यामागून कुणीतरी देवाचं नाव घेतलं.

मग त्यानं सळईवरून मटणाची एक चकती कापली आणि सुरीच्या टोकावर धरून एकनाथच्या पुढ्यात केली.

एकनाथनं चकतीकडे पाहिलं. तियागोकडे पाहिलं. खाली बांधाकडे पाहून आपले दोन्ही पाय आपल्याच हद्दीत असल्याची खात्री केली. मागं वळून भावकीला मोठ्यानं सांगितलं, की हा घास परदेशी माणूस देतोय, किसन्या न्हाई. आणि चकती तोंडात टाकली.

तो चावत राहिला. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"वहिनी," एकनाथनं अंगणाकडे बघून हाक मारली. वर्षानुवर्षांनी मारलेली पहिली हाक. "याला मसाला न्हाई लावला? नुसतं मीठ? शेडग्यांच्या दारात पाहुण्याला असं मिळमिळीत घालतात व्हय?"

आता प्रश्न बांधाचा राहिला नव्हता, घराण्याचा झाला होता. उकिरड्यामागून माणसं बाहेर आली. कुणी मसाल्याचा डबा आणायला पळालं, कुणी बोकडाच्या रश्श्याचं पातेलं आणायला. कोयत्यांनी कांदे चिरले गेले. पंगत बांधाच्या दोन्ही बाजूंना बसली. भावकी पलीकडे, पाहुणे अलीकडे, आणि सळया मधून फिरत होत्या. साबुदाण्याच्या पिठाला नावं ठेवत सगळ्यांनी ते दोनदा मागून घेतलं. लिंबू पिळलेला उसाचा रस हातात आल्यावर भावकीतल्या एका आजोबांनी यात काय घातलंय ते विचारलं. काही न्हाई, असं किसनराव म्हणाले. मग कशाला प्यायचं, असं म्हणून आजोबांनी पेला खाली ठेवला.

मेधाबाईंचा फोन दुसऱ्या दिवशी आला. घर ठरलं होतं. दर महिन्याला एक रविवार. किसनरावांनी आपल्या ब्राझीलच्या जेवणाबद्दल पाहुणे काय म्हणाले ते हळूच विचारलं. मटण ठीक होतं, तसं ते घरी खातातच, असं मेधाबाई म्हणाल्या. पण ते स्वागत! काठ्या घेऊन आरडाओरडा करत येणारं ते अख्खं गाव! कंपनीनं ते कार्यक्रमातच घातलं होतं. तेवढं मात्र दर वेळी व्हायला हवं, आणि तितक्याच जोशात.

किसनराव एकनाथच्या दारात गेले. एकनाथनं सगळं ऐकून घेतलं, चहा सांगितला, आणि नाही म्हणाला. खोटंखोटं वरडायला मी काय तमाशातला हाय व्हय? खरा राग आला तर येईन, न्हाईतर न्हाई.

मुद्दा बरोबर होता. त्याच दिवशी मोजणीवाले आले, त्यांना दोघांनी मिळून चहा पाजला आणि गोड बोलून मोजणी न करताच परत पाठवलं. बांध एकदा सरळ झाला की राग आणायचा कुठून?

तेव्हापासून पाहुणे यायच्या आदल्या आठवड्यात किसनराव भर दिवसा, एकनाथला दिसेल अशा बेतानं, फावडं घेऊन जातात आणि वीतभर बांध कोरतात. रविवारी भावकी खऱ्याखुऱ्या रागानं येते, जेवते, आणि जाताना माती परत टाकून जाते. गेल्या महिन्यात किसनरावांची कंबर धरली, वाकताच येईना. एकनाथनं दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच फावडं घेऊन आला, आपलाच बांध आपल्याच हातानं वीतभर कोरला, आणि घरी जाऊन किसनरावांना शिव्या द्यायला बसला.